जुन्या सात सीटरची लाइटीची कटकट: वायरमनकडे न्यावी की वर्कशॉपला?

गणपतीला गावी जाताना माणगावच्या कोंडीत आमची बारा वर्षांची डिझेल एसयूव्ही बंद केली. रांग हलली म्हणून परत चावी फिरवली, तर नुसतं ‘टक्’. मागे आई, दोन मुलं, आरतीचं सामान आणि मोदकांची पिठी. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या आणि एक नवाकोरा डायनॅमो घालून झाला होता, त्यामुळे हा आवाज परत ऐकू येईल असं वाटलं नव्हतं. टपरीशेजारच्या एका म्हाताऱ्या वायरमनने बॉनेट उघडलं आणि काही न विचारता जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं सरळ इंजिनच्या हुकाला लावलं. “मारा सेल्फ, दादा.” गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी आतून सडली होती. बॅटरी आणि डायनॅमो दोन्ही पहिल्यापासून निर्दोष होते.

यावरून ‘वर्कशॉपवाले लुटतात, गल्लीतला वायरमन देवमाणूस’ असं ठरवायला कितीसा वेळ लागतो! मीही वर्षभर तेच सांगत हिंडलो. मग एका वायरमननेच माझ्या स्टिअरिंगचं असं काही करून ठेवलं की मत बदलावं लागलं. ते पुढे येईलच. गाडी दहा-पंधरा वर्षांची असेल, मग ती स्कॉर्पिओ असो, सफारी असो की आणखी कुठली, तर कुठलं काम कुणाकडे न्यायचं हे कामागणिक ठरवावं लागतं.

कुणाकडेही जाण्याआधी

तीन-चारशे रुपयांत साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो. तो घ्या आणि चार मापं घरीच काढा.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामी समजा. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्याही खाली कोसळत असेल तर तिचे दिवस भरलेत. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या मध्ये आकडा हवा. तो साडेबाराच्या घरातच रेंगाळला तर डायनॅमो चार्ज करत नाही. १५ च्या पुढे गेला तर रेग्युलेटर, म्हणजे वायरमनच्या भाषेत कटआउट, गेलाय आणि बॅटरी उकळतेय.

चौथं माप सहसा कुणी घेत नाही, आणि माझे सगळे पैसे तिथेच बुडाले. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. तिथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. नवी पट्टी, दोन बोल्ट आणि सँडपेपरने घासलेला धातू, एवढ्यावर काम भागतं. जुन्या गाडीत लाइट मंद होणं, सेल्फ कुंथत फिरणं, काट्यांनी भलतंच काहीतरी दाखवणं, या तिन्ही तक्रारींचं मूळ कितीदा तरी याच पट्टीत असतं. हे काम कुणीही करू शकतो, फक्त ते आधी कुणाला तरी सुचायला हवं.

बॅटरी

इथे फार डोकं चालवायचं कारण नाही. बॅटरीच्या दुकानात जुनी बॅटरी बदल्यात घेतात, कारण तिच्यातल्या शिशाला किंमत असते. तो भाव आधी विचारा आणि नव्या बॅटरीवरची तारीख वाचून घ्या. दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरी नको. एकच अपवाद: सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर तिला साधी बॅटरी मानवत नाही, त्या कामासाठी बनवलेलीच लागते. विदर्भातल्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर मरते. दोष थंडीला दिला जातो, पण बॅटरी आतून खाल्लेली असते ती उन्हाने. थंडीत ते फक्त उघडकीला येतं.

उभ्या उभ्या मरणारी गाडी

रोज चालवली तर ठीक, दोन-तीन दिवस उभी राहिली की डाउन. या तक्रारीत वायरमन आणि वर्कशॉप यांच्यातला फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो.

गाडी लॉक करून अर्धा तास गेल्यावर ती साधारण ५० मिलिअँपियर ओढते. घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर यांना तेवढं लागतंच. त्याऐवजी अर्धा अँपियर जात असेल तर दिवसाला १२ अँपियर-तास झाले. ६० ची बॅटरी हिशेबाने पाच दिवसांत रिकामी व्हायला हवी, पण सेल्फ फिरवण्याची ताकद त्याच्या बरीच आधी संपते. चोर बहुतेक वेळा नंतर बसवलेला असतो: बाहेरून घातलेला स्टिरिओ, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, चिकटून बसलेला रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), नाहीतर डिकीचा न विझणारा दिवा.

हा चोर पकडायला वेळ लागतो, यंत्र नाही. अमीटर लावायचा, एकेक फ्यूज काढायचा आणि आकडा कधी पडतो ते बघत बसायचं. वर्कशॉपमध्ये मजुरी तासावर असते आणि मागे गाड्यांची रांग असते, त्यामुळे तिथून ‘बॅटरी बदला’ हे उत्तर मिळण्याचा संभव मोठा. सवडीचा वायरमन दुपारभर बसेल. हे काम त्याचंच. घरी करून बघणार असाल तर अमीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका. मीटरचा फ्यूज तरी उडतो, नाहीतर अख्खा मीटर. माझा दुसरा मीटर आहे.

डायनॅमो आणि सेल्फ

| | जागच्या जागी दुरुस्ती | रीकन | नवा |
|---|---|---|---|
| काय होतं | कार्बन (आत घासून वीज नेणारे ब्रश), बेअरिंग, डायोड प्लेट (एसीचा डीसी करणारी), कटआउट यांतलं गेलेलं बदलतात | दुसऱ्याचा दुरुस्त केलेला बसवतात, तुमचा ठेवून घेतात | पूर्ण युनिट, पावती आणि वॉरंटीसह |
| खर्च | सर्वात कमी | मधला | कित्येक पट |
| भरवसा | कारागिरावर | नशिबावर | चांगला, असली माल असेल तर |

कार्बन झिजणं आणि बेअरिंग वाजणं हे डायनॅमोचं म्हातारपण आहे, मरण नव्हे. आतलं तांबं जळलेलं नसेल तर दुरुस्तीच करा. डायोड गेला की नाही हे मीटर एसी व्होल्टवर ठेवून कळतं: इंजिन चालू असताना बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून जास्त एसी दिसला तर डायोड प्लेट संशयित. सेल्फचंही तसंच. बुश, कार्बन, बेंडिक्स, सोलेनॉइड, सगळं सुटं मिळतं. या दोन्ही कामांत जुना वायरमन वर्कशॉपच्या पुढे आहे, कारण वर्कशॉपमध्ये युनिट उघडतच नाहीत, सरळ बदलतात. रीकन मात्र मला पटत नाही. स्वतःच्या गाडीचा ओळखीचा डायनॅमो देऊन कुणाचा तरी रंग मारलेला का घ्यायचा?

एक सावधगिरी. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत डायनॅमोच्या पाठीला व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो आणि ब्रेकच्या बूस्टरला त्याचाच जोर असतो. त्याला इंजिनचं ऑइल जातं. सील गेलं की ते ऑइल डायनॅमोत उतरतं आणि नवे कार्बनही टिकत नाहीत. म्हणजे वारंवार डायनॅमो बिघडत असेल तर आधी सील बघायला लावा. आणि काम झाल्यावर पहिली चक्कर घाटात नको, मैदानात मारा. ब्रेक पेडल दगडासारखं लागलं तर तिथेच थांबा.

वायरिंग: दाराच्या सांध्यात लपलेली

मागचा वायपर बंद, नंबरप्लेटचा दिवा बंद, डिकीचं लॉक कधी लागतं कधी नाही. तीन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण डिकीच्या बिजागरीजवळचं काळं रबरी नळकांडं सोलून बघा. वर्षानुवर्षं उघडझाप होऊन तारा आतल्या आत तुटलेल्या असतात. ड्रायव्हरच्या दाराचंही तेच: काच, आरसा आणि सेंट्रल लॉक एकदम रुसले तर मोटरला हात लावण्याआधी दार आणि खांबामधलं रबर तपासा. एकटी काचच हळू चढत असेल तर उलट वायरिंग सोडा आणि खिडकीच्या रबरी चॅनेलमध्ये सिलिकॉन स्प्रे मारा. सुकलेल्या रबराशी झगडून झगडून मोटर जळते.

वर्कशॉप अशा वेळी पूर्ण हार्नेस, म्हणजे तारांचा अख्खा जुडगाच, बदलायला सुचवतं. जुन्या मॉडेलचा तो मिळेलच असं नाही, आणि मिळाला तर छत आणि ट्रिम उतरवण्याची मजुरी आलीच. वायरमन जोड मारतो. फरक पडतो तो जोड कसा मारतो यावर. पीळ देऊन काळी टेप गुंडाळली असेल तर एका पावसाळ्याची सोबत. बिजागरीतली तार मऊ, अनेक पदरी हवी, जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर हवेत, सगळे एकाच जागी नकोत, आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह हवी. हे सगळं आधी बोलून घ्या. ‘टेप चालणार नाही’ म्हटल्यावर ज्याचा चेहरा उतरतो, त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

रत्नागिरी-सिंधुदुर्ग-गोव्याकडच्या गाड्यांत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. खाऱ्या हवेचा प्रताप. तिथे तार बदलून काही होत नाही, कनेक्टर साफ करावा लागतो. आणि पावसाळ्यात ज्यांची गाडी उघड्यावर उभी असते त्यांना उंदरांबद्दल मी काय सांगावं!

हेडलाइट

मूळ एच-४ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. ‘उजेड कमी पडतो’ म्हणून १००/९० चे बल्ब घालतात. तेव्हा दोन हाय बीम मिळून १६-१७ अँपियर ओढतात आणि जिथे हा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून जातो, तिथे स्विच वितळतो. एलईडी बल्ब घातले तर करंट कमी, पण हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये त्यांचा झोत बहुतेकदा पसरतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. माझा कौल मूळ वॉटचे चांगले बल्ब, थेट बॅटरीवरून रिले आणि फ्यूज टाकलेली जाड तार, आणि घासून पारदर्शक केलेली काच याला. वायरमनचं तासाभराचं काम आहे आणि उजेडात फरक दिसतो. आधी मीटरने बल्बच्या पिनेवर व्होल्टेज बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ आणि बल्बवर १२ असेल, तर उजेड तारेतच हरवतोय.

इथे मात्र वर्कशॉप

आता स्टिअरिंगची गोष्ट. हॉर्न वाजेना आणि त्याच दिवशी एअरबॅगचा दिवा लागला. वायरमनने डॅशबोर्डवर एक बटण बसवून हॉर्न वाजवून दिला आणि ‘तो दिवा सोडा, लागतोच’ म्हणाला. या दोन गोष्टी एकत्र बिघडतात त्याचं नेहमीचं कारण एकच: स्टिअरिंगखालची, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी केबल तुटते. हॉर्न आणि ड्रायव्हरची एअरबॅग दोन्ही तिच्यातूनच जातात. म्हणजे हॉर्न वाजत होता आणि एअरबॅग मेलेली होती, आणि आम्ही सात महिने तसेच फिरलो.

पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना टेस्ट लॅम्प लावणारा माणूस गाडीपाशी नको. एबीएस (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), चावीचा इमोबिलायझर (चुकीच्या चावीने गाडी सुरू न होऊ देणारा), इंजिनचा ईसीयू म्हणजे कॉम्प्युटर, यांचंही तेच. कॉमन रेल म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या डिझेलमध्ये इंजेक्टर कधी आणि किती उघडायचे हे ईसीयू ठरवतो, त्यामुळे क्रँक सेन्सर (इंजिन कुठवर फिरलंय ते सांगणारा) गेला तर धक्का मारूनही गाडी सुरू होत नाही. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला तेवढी पर्वा नव्हती. आपल्याकडे बीएस-४ (प्रदूषणाचं मानक) गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे बिघाडाचे कोड नोंदवणारी यंत्रणा, एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्यानंतरच्या गाडीचे इंजिनचे कोड मोबाइलला जोडायच्या स्वस्त स्कॅनरवरही दिसतात. त्याआधीच्या गाडीला बहुधा कंपनीचा, नाहीतर चांगला मल्टिब्रँड स्कॅनर लागतो. पण कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणून लगेच सेन्सर बदलायला होकार देऊ नका. त्याची तार, पिन आणि अर्थिंग आधी तपासा असं जॉब कार्डवर लिहून घ्या.

किती खर्च करावा

गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर आरसीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं, महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो आणि गाडीची तपासणी होते. इंडिकेटर, ब्रेक लाइट, वायपर, हॉर्न आधी ठीक करून जा, म्हणजे दुसरी फेरी पडत नाही. गाडी ठेवायची ठरलं असेल तर अर्थिंग, सील, हेडलाइटचा रिले आणि एअरबॅगची केबल यांवर हात आखडू नका. विकायची असेल तर चार्जिंग आणि दिवे नीट करून बाकीचं घेणाऱ्याला खरं खरं सांगा. मुख्य हार्नेसच जळालेला किंवा उंदरांनी फस्त केलेला असेल तर नव्या हार्नेसचं लेखी कोटेशन आणि गाडीची आजची किंमत शेजारी ठेवून बघा. कोटेशन निम्म्याच्या पुढे गेलं तर मी तरी त्या गाडीत पैसे घालणार नाही.