उघडं डंपिंग ग्राउंड की शास्त्रोक्त भरावभूमी?

उघड्या डंपिंग ग्राउंडशेजारी राहणाऱ्यांना आधी त्रास होतो तो वासाचा आणि धुराचा. पण जास्त घातक प्रकार जमिनीखाली चालतो. कचऱ्यातून झिरपणारं काळपट पाणी, म्हणजे लीचेट, अमोनिया, क्षार आणि जड धातू घेऊन भूजलात उतरतं. विहिरीचं पाणी नितळ दिसलं तरी बिघडलेलं असू शकतं. शास्त्रोक्त भरावभूमीत, म्हणजे कचरा पुरण्यासाठी मुद्दाम तयार केलेल्या जागेत, तळाला चिकणमाती आणि तिच्यावर साधारण दीड मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं अस्तर असतं. साठलेलं लीचेट पाइपांतून काढून त्यावर प्रक्रिया करतात. रोज मातीचा थर टाकला (टाकला तर!) की माश्या, उंदीर आणि आगी बऱ्याच कमी होतात.

कुजत्या कचऱ्यातून निघणाऱ्या वायूत जवळपास निम्मा मिथेन असतो. उघड्या ढिगात आग लागली की ती आतल्या आत धुमसत राहते, प्लास्टिक जळून डायॉक्सिन हे विषारी रसायन हवेत मिसळतं. भरावभूमीत मिथेन गोळा करून जाळता येतो, त्यावर वीजही बनते. तरी थोडा निसटतोच.

शेजार निवडायचाच तर भरावभूमी बरी, यात मला शंका नाही. ट्रकांची वर्दळ मात्र तिथेही चुकत नाही. शिवाय अस्तर कायमचं टिकत नाही, त्यामुळे जागा बंद झाल्यावरही आसपासच्या भूजलाची तपासणी कित्येक वर्षं चालू ठेवावी लागते. तिचा खर्च कोण करणार, हे रहिवाशांनी प्रकल्प येण्याआधीच लेखी घ्यावं.