आपल्या भाषेतला मिस्त्री

६,१०० युरो. आकडा आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट सुरू केली की लोक मध्येच 'पण गेले किती?' असं विचारतात आणि पुढचं कुणी ऐकत नाही.

मी मूळची सांगलीची. लग्न इंग्रज माणसाशी, संसार लेस्टरला, नोकरी हिशेबनिसाची. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या व्हाउचरांवर लाल पेन्सिल चालवली. पावती नसेल तर दोन पौंडांचं पार्किंगसुद्धा मंजूर केलं नाही. आणि स्वतःच्या घराचं काम निघालं तेव्हा पाकिटात नोटा घालून दिल्या, पावतीशिवाय. हे लिहिताना आजही कानशिलं गरम होतात.

नवरा शाळेत सुतारकाम शिकवायचा. पन्नाशी उलटल्यावर त्याच्या डोक्यात फ्रान्स शिरलं. नैर्ऋत्येला दोर्दोन्य नावाचा जिल्हा आहे. तिथे इंग्रज इतके आहेत की थट्टेने त्याला इंग्लंडमधल्या परगण्यांसारखं दोर्दोन्यशर म्हणतात. १४५३ साली कास्तियोंच्या लढाईत हरून ज्या मुलखातून इंग्रज गेले, तिथेच आता लेस्टर-लीड्सची घरं विकून परत येताहेत. आम्हीही त्यातलेच. जुनं दगडी घर घ्यायचं आणि पाहुण्यांसाठी तीन खोल्या चालवायच्या, असा बेत. वर ब्रेक्झिटची घाई. ३१ डिसेंबर २०२० च्या आत जे ब्रिटिश तिथे राहायला लागले असतील त्यांचे जुने हक्क शाबूत राहणार होते, मागाहून येणाऱ्यांनी व्हिसाच्या रांगेत उभं राहायचं. माझाही पासपोर्ट ब्रिटिशच. फेब्रुवारी २०२० मध्ये खरेदीखत झालं, मार्चमध्ये देश बंद झाला, आणि जुलैत आम्ही सामानासकट पोचलो.

खरेदीखत करणारा नोतेर म्हणजे आपल्याकडचा कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारा नोटरी नव्हे. तो सरकारने नेमलेला असतो आणि दस्त स्वतः करून वाचून दाखवतो. त्या वाचनात एक वाक्य होतं. घराची मैलापाण्याची टाकी नियमात बसत नाही, ती एका वर्षाच्या आत खरेदीदाराने नीट करून घ्यायची. आम्ही मान डोलावली. मला त्यातलं 'एक वर्ष' तेवढं कळलं होतं.

तिकडच्या खेड्यात गटार नसतं. प्रत्येक घराची आपली टाकी आणि आपला शोषखड्डा, खरं तर शोषचरच. टाकीतून पाणी खडीत पुरलेल्या भोकांच्या नळ्यांमध्ये जातं आणि जमिनीत जिरतं. घरापासून ५ मीटर, झाडापासून आणि हद्दीपासून ३ मीटर, पिण्याच्या विहिरीपासून ३५ मीटर अशी अंतरं ठरलेली. त्यावर लक्ष ठेवायला स्पांक नावाचं सरकारी खातं आहे. आधी आराखडा त्यांच्याकडून मंजूर करून घ्यायचा आणि खड्डा बुजवण्याआधी त्यांना दाखवायचा. मातीखाली गेल्यावर काय दिसणार, असा साधा हिशेब.

हे सगळं मला आता येतं. तेव्हा येत नव्हतं.

शेजारच्या शेतकरी मस्यूंनी (मस्यू म्हणजे आपलं 'श्रीयुत') त्यांच्या ओळखीचा कारागीर पाठवला. तो आला, जमीन पाहिली, फारसं बोलला नाही, आणि आठवड्याने चार पानांचं अंदाजपत्रक आलं. तिकडे त्याला दवी म्हणतात, आणि त्यावर सही केली की तोच करार. रक्कम ९,८०० युरो, त्यात दहा टक्के कर. तळाशी नोंदणी क्रमांक, विमा कंपनीचं नाव-पत्ता. आणि चार महिने थांबा. नवऱ्याला वाटलं, परके बघून लुटतोय. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

एमेचा बाजार गुरुवारी भरतो. तेराव्या शतकात वसवलेलं गाव, मधोमध चौक, भोवती कमानी. एका कमानीखालच्या कॉफीच्या टेबलावर तो भेटला. इंग्रज, साठीचा, हातावर चुन्याचे डाग, बारा वर्षं इथेच असल्याचं सांगणारा. नाव देत नाही. घरात आम्ही त्याला मिस्त्रीबुवा म्हणायचो, इथेही तेच म्हणते. पहिल्याच दिवशी घरी आला, दुधाचा चहा मागितला (सहा आठवड्यांत दुधाचा चहा मागणारा पहिला माणूस), आणि माझ्या शंकरपाळ्या त्यात बुडवून खाल्ल्या. लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड त्याला ठाऊक होता, तिथल्या दिवाळीचे दिवेही. मी लगेच डबाभर बांधून दिल्या.

परदेशात 'आपला माणूस' या शब्दाने आपल्या लोकांचं किती नुकसान होतं, हे मी लेस्टरला दहादा पाहिलं होतं. मंडळात ओळख झालेल्याकडून विमा घेतला, गाववाल्याला भिशीचे पैसे दिले, पुढे सगळीकडे सारखंच. मी नवऱ्याला हे किस्से हसत हसत सांगायची. तो म्हणायचा, तुम्ही फार भाबडे. आणि इथे बैठकीच्या खोलीत तो दुसऱ्या इंग्रजाशी क्रिकेट बोलता बोलता ७,४०० युरोंवर हात मिळवत होता. कागद? वहीचं फाडलेलं पान, इंग्रजीत चार ओळी. 'कर वाचवायचा तर बिल नको,' हे त्याने डोळा मिचकावून सांगितलं, आणि एकोणीस वर्षांची हिशेबनीस गप्प बसली.

पण पैशापेक्षा मोठी चीज आम्ही त्याच्या हवाली केली होती, ती म्हणजे आमचे कान. फ्रेंचमधलं प्रत्येक पत्र तो वाचून दाखवायचा. विजेचं बिल, घरपट्टी, मेरीची सूचना. (मेरी म्हणजे ग्रामपंचायत, हिंदीतली मेरी नव्हे. मला या शब्दावर अजून हसू येतं.) सप्टेंबरात स्पांकचं पत्र आलं. त्याने चष्मा लावला, वाचलं, घडी केली. म्हणाला, नुसती फी भरायची नोटीस आहे, मी बघतो. मी ते पत्र फाइलला लावलं. माझी फाइल नेहमीच व्यवस्थित असते.

त्याच भरात ब्रिटिशांसाठीच्या नव्या रहिवासी कार्डाचा अर्ज भरून देतो म्हणून त्याने दोघांचे मिळून १०० युरो घेतले. कार्ड फुकट होतं आणि अर्जही फुकट, ऑक्टोबरात सरकारने त्यासाठी संकेतस्थळच उघडलं होतं. अर्ज त्याने केलाच नाही. तो पुढे आम्हीच केला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, पेरिग्यूला जाऊन बोटांचे ठसे देऊन कार्डं आणली.

ऑक्टोबरात काम सुरू झालं. भाड्याचं छोटं जेसीबी आणि मदतीला एक अबोल पोरगा. हिरवी प्लॅस्टिकची टाकी खड्ड्यात उतरली. साहित्यासाठी ३,००० आधीच दिले होते, टाकी बसल्यावर आणखी ३,००० दिले, सगळे रोख. खडीचा ट्रक यायचा होता. मी दोनदा विचारलं, खडी कधी? दोन्ही वेळा उत्तर आलं, उद्या. एका दुपारी आम्ही बर्जराकला सामान आणायला गेलो आणि परत आलो तर माती सपाट, वर दाताळं फिरवून गवताचं बीसुद्धा पेरलेलं. म्हणाला, खडी येऊन गेली. चाकांच्या खुणा कुठे दिसत नव्हत्या. मी पाहिलं होतं, आणि बोलले नाही.

३० ऑक्टोबरला दुसरी टाळेबंदी लागली. उरलेलं काम लांबलं, कारण 'घराबाहेर पडायला बंदी'. वास्तविक त्या टाळेबंदीत बांधकामं चालू होती. मस्यूंच्या गोठ्याचं छप्पर त्याच महिन्यात आमच्या डोळ्यांदेखत झालं. तरी आम्ही फोनवर त्याची काळजी करत होतो. डिसेंबरात फोन बंद झाला.

जानेवारीत पाऊस लागून राहिला. एका सकाळी स्वयंपाकघराच्या मागचं गवत विलक्षण हिरवं दिसलं. एवढ्याच पट्ट्यात, चटई अंथरल्यासारखं. पाय ठेवला तर बूट घोट्यापर्यंत आत गेला. बाहेर काढताना जो आवाज आला आणि जो वास आला, त्याचं वर्णन जेवणाच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी सोडून देते. नवऱ्याने कुदळ आणली. टाकीतून निघालेली नळी दोन मीटर गेली होती आणि तिथे संपली होती. पुढे काही नाही. खडी नाही, चर नाही. नळीच्या तोंडाला सिमेंटच्या पिशवीचा बोळा.

मी फाइल काढली. सप्टेंबरचं पत्र घेऊन शब्दकोश उघडून बसले. दोन तास लागले. त्यात लिहिलं होतं, काम सुरू करण्यापूर्वी सोबतचा अर्ज भरून पाठवा आणि बुजवण्यापूर्वी आम्हाला बोलवा. फीचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता. म्हणजे तो अगदीच खोटं बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मेरीत गेले. तिथे आधी बोंजूर म्हणायचं, थांबायचं आणि मग काम सांगायचं. हे उलटं केलं की समोरचा थंड होतो, हा धडा तोवर शिकले होते. तिथल्या बाईंनी माझं मोडकंतोडकं फ्रेंच शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, सिरे?

सिरे म्हणजे धंद्याचा नोंदणी क्रमांक, चौदा आकडी. मिस्त्रीबुवांच्या कार्डावर तो होता, म्हणून तर आम्ही निश्चिंत होतो. बाईंनी तो संगणकावर घातला आणि पडदा माझ्याकडे वळवला. क्रमांक खरा होता. धंदा बागकामाचा, ८१.३०झेड या वर्गातला, आणि २०१७ मध्येच बंद केलेला. ही सगळी माहिती सरकार फुकट दाखवतं. कुणालाही, घरबसल्या. अर्ध्या मिनिटाचं काम.

तेव्हा नुसता क्रमांक आहे म्हणून भागत नाही. धंदा चालू आहे का आणि तुमचं काम त्यात बसतं का, हेही बघा. दुसरी गोष्ट देसेनालची. १९७८ च्या कायद्याने बांधकाम करणाऱ्याला दहा वर्षांच्या जबाबदारीचा विमा सक्तीचा आहे. त्याचा दाखला काम सुरू होण्याआधी हातात घ्या, त्यावरची तारीख आणि कामाचा प्रकार वाचा, आणि विमा कंपनीला स्वतः फोन करा. नोंदणीच नसलेल्याला हा विमा मिळत नाही, त्यामुळे 'दाखला येतोय' या उत्तराचा अर्थ काय घ्यायचा ते समजून घ्या. आगाऊ रकमेलाही तिकडे दोन शब्द आहेत. 'आर' दिले तर तुम्ही मागे फिरल्यावर ते बुडतात आणि तो फिरला तर दुप्पट परत, म्हणजे आपला इसारच. 'आकोंत' दिला की दोघेही बांधले गेले. आमच्या वहीच्या पानावर इंग्रजीत 'डिपॉझिट' होतं.

मग आम्ही पोलिसांकडे, म्हणजे जांदार्मांकडे गेलो. तरुण अधिकारी सभ्य होता. तक्रार लिहून घेता घेता त्याने विचारलं, पैसे कसे दिले? रोख. किती? तीन हजार, मग तीन हजार. त्याने पेन खाली ठेवलं. फ्रान्समध्ये राहणाऱ्याने व्यावसायिकाला १,००० युरोंच्या वर रोख द्यायचेच नसतात. आणि ५,००० च्या वरच्या कामाला समोरचा नोंदणीकृत आहे की नाही हे तपासणं गिऱ्हाइकाचीही जबाबदारी असते, नाहीतर चोरून काम करून घेतल्याचं बालंट आपल्यावरच येऊ शकतं. हे त्याने दमात न घेता सांगितलं. बाहेर आल्यावर नवरा गाडीत बराच वेळ किल्ली न फिरवता बसून होता.

म्हणजे बघा, ज्या कागदपत्रांच्या नावाने आम्ही इंग्रज मित्रांत बसून बोटं मोडत होतो, ती सगळी आमच्याच बाजूची होती. तो चार पानांचा दवी, तो दहा टक्के कर, ते चार महिने. आणि ज्याच्याशी बोलताना शब्द शोधावे लागत नव्हते, त्याला एकही कागद मागावासा वाटला नाही.

मस्यूंच्या कारागिराकडे परत जायला लाज वाटत होती. मस्यूंनीच त्याला आणलं. त्याने खड्ड्याकडे पाहून नुसता ओठांतून हवा सोडल्याचा आवाज केला, तिकडे करतात तसा. जुनं उपसायचे ९०० वेगळे. स्पांकला आम्ही खरं काय ते सांगितलं, त्यांनी मुदत वाढवून दिली. मे महिन्यात खडीचे ट्रक आले, खरे, आणि अंगणात चाकांच्या हातभर खोल चाकोऱ्या पडल्या. त्या मी मुद्दाम आठवडाभर बुजू दिल्या नाहीत. स्पांक खात्यातली एक मुलगी आली, उघड्या चरात उतरली, टेप लावला, फोटो काढले, सही केली. मग माती पडली. पैसे चेकने दिले.

मिस्त्रीबुवांना आम्ही पोचपावतीचं रजिस्टर पत्र पाठवलं होतं, कार्डावरच्या पत्त्यावर. तीन आठवड्यांनी ते परत आलं. त्यावरच्या चिठ्ठीत 'या पत्त्यावर अशी व्यक्ती माहीत नाही' या चौकोनात फुली होती. तालुक्याला एक समेट करून देणारे सरकारी गृहस्थ बसतात, फुकट. त्यांनीही ऐकून घेतलं, पण समेटाला समोर दुसरी बाजू लागते.

वर्षअखेरीला मी घराचा हिशेब मांडला. टाकीचे सहा हजार आणि कार्डाचे शंभर, असे ६,१०० 'येणे' बाजूला लिहिले. नवरा म्हणतो, बुडीत खाती टाक आणि मोकळी हो. दरवर्षी म्हणतो. मी अजून टाकलेले नाहीत.