घडवलेले देव आणि न खोडता येणारा खलनायक : 'पिलर्स ऑफ इटर्निटी'

ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या अमेरिकी कंपनीचा 'पिलर्स ऑफ इटर्निटी' हा आरपीजी प्रकारातला (म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा) गेम मार्च 2015 मध्ये बाजारात आला. मी तो बऱ्याच उशिराने, एका पावसाळ्यात, पंचवटीतल्या घरी, वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे दर पंधरा मिनिटांनी सेव्ह करत करत पूर्ण केला. या गेमविषयी जे सांगण्यासारखे आहे ते त्याचा शेवट उघड केल्याशिवाय सांगता येत नाही. त्यामुळे ज्यांना तो कोऱ्या मनाने खेळायचा आहे त्यांनी आधी खेळून घ्यावा आणि मग पुढचे वाचावे.

या जातीच्या खेळांचे मूळ 1974 च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात आहे. त्यात पात्रांची विभागणी सुव्यवस्था, तटस्थता आणि अराजक अशी तीन बाजूंत होती. 1978 पर्यंत चांगले-वाईट हा दुसरा निकष जोडला जाऊन नऊ रकाने तयार झाले. रकाना एकदा ठरला की खेळणाऱ्याचे काम सोपे होते, कारण समोरच्याच्या कपाळावर 'दुष्ट' असा शिक्का असल्यावर त्याला मारण्यापूर्वी चौकशी करावी लागत नाही. 'पिलर्स'ने हे रकाने काढून टाकले आणि त्यांच्या जागी दयाळू, क्रूर, प्रामाणिक, कपटी, संयमी, विवेकी अशा दहा स्वभावछटा ठेवल्या. आपण लोकांशी कसे बोलतो यावरून आपली ख्याती पसरत जाते, आणि पुजाऱ्याची ताकदही त्यावर अवलंबून असते. मृत्यूची देवता असलेल्या बेराथचा पुजारी संयमी आणि विवेकी असावा लागतो. दबलेल्या द्वेषाचा देव असलेल्या स्केनच्या पुजाऱ्याला मात्र क्रौर्य आणि कपट लाभते, खरे बोलणे बाधते. म्हणजे इथले देव भक्ताकडून सरसकट चांगुलपणा मागत नाहीत. प्रत्येकाला स्वतःसारखा भक्त हवा असतो.

सुरुवातीच्या गिल्डेड वेल या गावातला प्रसंग मी दोनदा खेळलो. डिरवुड नावाच्या या प्रदेशात काही वर्षांपासून आत्म्याविना मुले जन्माला येत आहेत: श्वास चालू आहे, डोळे उघडे आहेत, आत कोणी नाही. गावाच्या मध्यभागी एक मोठे झाड आहे आणि त्याच्या फांद्यांना माणसे फाशी दिलेली आहेत, कारण रेड्रिक नावाच्या तिथल्या सरदाराला वाटते की या शापाला गावातलेच कोणीतरी जबाबदार आहे. कोल्स्क हा त्याचा चुलतभाऊ आपल्याला त्याला ठार करायला सांगतो. गढीत पोहोचल्यावर कळते की रेड्रिकला झालेले मूलही तसेच होते आणि त्यापायी त्याने बायकोचाही जीव घेतला. तो समोर बसून शांतपणे उलटा प्रस्ताव मांडतो, आणि त्या बोलण्यात धूर्तपणापेक्षा शोक जास्त आहे. मी पहिल्या खेपेला त्याला मारले आणि गावाचे भले केल्याच्या समाधानात पुढे गेलो. कित्येक तासांनी परत आलो तेव्हा तोच रेड्रिक बेराथच्या नावाने मेल्यावरही उठून आला होता, कोल्स्कला संपवून त्याने गढी पुन्हा ताब्यात घेतली होती. हिशेब मिटला असे मी धरून चाललो होतो, देवतेने तो मिटवलेला नव्हता.

गेम सुरू होण्याआधी घडून गेलेले एक युद्धही या कथेत आहे. ईओथास हा पहाटेचा, क्षमेचा, पुनर्जन्माचा देव. तो वेडवेन नावाच्या एका शेतकऱ्याच्या अंगात येतो आणि त्याच्याकरवी शेजारच्या डिरवुडवर स्वारी करतो. युद्ध आणि अग्नी यांची देवी मॅग्रन हिचे पुजारी 'गॉडहॅमर' नावाचा बाँब तयार करतात आणि वेडवेनचा पुलावर अंत होतो. त्यातला ड्युरन्स हा पुजारी पुढे आपल्यासोबत फिरतो. ज्या देवीसाठी त्याने देव मारला, तिनेच बाँब करणाऱ्यांना कामानंतर वाऱ्यावर सोडले, हे त्याला हळूहळू उमगते. शिव्या देत, आपल्याच भक्तीला नखांनी खरवडत तो बोलतो, आणि माझ्या मते साऱ्या गेममधले सर्वांत ताकदीचे लेखन या म्हाताऱ्याच्या वाट्याला आले आहे. दुसरीकडे एडेर हा साधा माणूस ईओथासला मानतो, पण त्याच युद्धात लढलेला त्याचा भाऊ कोणत्या बाजूने मेला हे त्याला शोधायचे आहे.

आता मूळ गोष्ट. थेऑस हा खलनायक दोन हजार वर्षांहून अधिक काळ, एका जन्मातून दुसऱ्या जन्मात स्मृती टिकवत, एक गुपित सांभाळत आला आहे. एन्ग्विथ नावाच्या प्राचीन लोकांनी देवांचा शोध घेतला, तेव्हा त्यांना कोणीच सापडले नाही. म्हणून त्यांनी आपल्याच लोकांचे असंख्य आत्मे ओतून देव तयार केले. ज्या आयोव्हाराला हे कळले तिला थेऑसने पाखंडी ठरवले, आणि आपण, म्हणजे खेळणारा, मागच्या जन्मी त्याच्याच चाकरीत होतो. थेऑसचे म्हणणे असे, की वर कोणी नाही हे समजले तर माणसे एकमेकांना फाडून खातील. गेम आपल्याला त्याच्यावर चिडू देतो, त्याच्याशी वाद घालू देतो, पण त्याचे म्हणणे खोटे आहे असे कुठेही दाखवत नाही. आत्मे, जन्मांचे चक्र, मागच्या जन्माचे ओझे हे सगळे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही, त्यामुळे धक्का थेट बसतो.

तरीही माझे उत्तर गेमने दिलेल्या पर्यायांत नव्हते. लहानपणी आजी रामकुंडावर नेताना गोदावरीची कथा सांगायची: गौतम ऋषींचा मत्सर करणाऱ्या इतर ऋषींच्या सांगण्यावरून गणपतीने रोडक्या गाईचे रूप घेतले, गौतमांनी तिला दर्भाच्या काडीने हाकलले, ती पडून मेली, आणि गोहत्येचे पाप धुण्यासाठी त्यांनी तप करून ब्रह्मगिरीवर गंगा आणली. म्हणजे आमच्या नदीच्या उगमाशीच देवाने केलेले एक सोंग आहे, आणि ज्या अमृतासाठी सिंहस्थाचा मेळा भरतो त्या अमृताची वाटणीही मोहिनीच्या फसवणुकीनेच झाली. "देवाचं देव जाणे, आपल्याला पाणी मिळालं ना," असे आजी म्हणायची आणि ओंजळ भरून अर्घ्य द्यायची. ही कपटे कोणी लपवून ठेवलेली नाहीत. पुराणच ती सांगते आणि ऐकणारा तरीही डुबकी मारतो. देवाने फसवले हे ठाऊक असणे आणि देव मुळात नव्हतेच हे कळणे यांत मोठे अंतर आहे, हे मला मान्य आहे. पण श्रद्धा सत्याच्या एका धक्क्याने कोसळते असे जे थेऑसने गृहीत धरले आहे, ते त्याने कधीच पडताळून पाहिलेले नाही, आणि हा प्रश्न त्याला विचारण्याची सोय लेखकांनी ठेवायला हवी होती.

दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. ती मुले आत्म्याविना जन्मतात कारण थेऑस त्यांचे आत्मे चोरून कायदा आणि शपथांची देवी वोएडिका हिला बळ देतो आहे. इथे लेखकांचा हात कचरला. तान्ह्या मुलांचे आत्मे पळवणाऱ्याला वाईट ठरवण्यासाठी कोणाला विचार करावा लागतो? नुसते गुपित राखणारा थेऑस मला रात्रभर जागवू शकला असता. मुले लुटणाऱ्या थेऑसशी शेवटची लढाई करताना मात्र मला तलवारीपलीकडचे काही सुचेना. स्केनच्या भूमिगत देवळातला प्रसंग या बाबतीत कितीतरी सरस आहे. सरदाराची हरवलेली पुतणी तिथे सापडते, आणि तिला छळणारा खुद्द तो सरदारच होता हे कळल्यावर द्वेषाचा तो ओंगळ देव आणि त्याचे रक्ताने माखलेले भक्त यांच्यावर नुसता राग धरणे अवघड होऊन बसते.

बाकीचे थोडक्यात. लढाया थांबवून-थांबवून लढायच्या असतात, आणि सहा जणांची तुकडी सांभाळताना पहिले काही तास गोंधळ उडतो. गेमला आगाऊ पैसे देणाऱ्या हौशी लोकांची पात्रे सोनेरी नावपट्ट्या लावून जागोजागी उभी आहेत. त्यांच्या आत्मकथा वाचू नयेत, मूळ कथेशी त्यांचा संबंध नाही. इंग्रजी मजकूर कादंबरीएवढा आहे, तेव्हा वाचनाचा कंटाळा असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. जुन्या लॅपटॉपवर गेम चालतो, फक्त एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना चहा गाळून होतो.

शेवटच्या खड्ड्यात उडी मारण्यापूर्वी देवांचे संरक्षण मागावे लागते आणि त्या बदल्यात चोरलेल्या आत्म्यांचे काय करायचे याचा शब्द द्यावा लागतो. हायलिया म्हणते ते मुलांना परत कर. बेराथ म्हणते चक्रात सोड. रिमरगंडला ते कायमचे विरून जायला हवेत. देव बनावट आहेत हे आपल्याला शब्द दिल्यानंतर कळते, आणि मग तो पाळायचा की मोडायचा हे आपल्यावर असते. इंदिरानगरचा माझा भाचा सध्या नेमका इथे अडकला आहे. परवा त्याने फोन केला: "मामा, देवच खोटे असतील तर शब्द मोडला म्हणून काय बिघडतं?" कोणाला शब्द दिलास, असे मी विचारले. बेराथला, म्हणाला. मी त्याला गिल्डेड वेलच्या गढीत एकदा परत जाऊन यायला सांगितले.