बाग कोणाच्या भरवशावर सोडावी: टायमरच्या ठिबकाच्या की शेजाऱ्यांच्या?

प्रवास चार-पाच दिवसांचा असेल तर हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. कुंड्या सावलीत जवळजवळ आणून ठेवल्या, मातीवर वाळलेल्या पाल्याचे आच्छादन केले आणि निघण्याच्या सकाळी तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत भिजवल्या, की बहुतेक झाडे तग धरतात. घर त्याहून अधिक काळ बंद राहणार असेल, तर मात्र दोनच मार्ग गांभीर्याने विचारात घ्यावे लागतात. एक म्हणजे नळाला टायमर लावून ठिबकाच्या नळ्या कुंड्यांपर्यंत नेणे आणि दुसरा म्हणजे घराची किल्ली शेजाऱ्यांच्या हाती देणे. मी हे दोन्ही मार्ग वापरून पाहिले आहेत आणि दोन्हींच्या बाजूने बोलता येईल इतके गुण दोन्हींत आहेत.

नियमितपणात ठिबकाची बरोबरी माणूस करू शकत नाही, हे आधी मान्य करायला हवे. टोमॅटोला कधी कोरडे तर कधी चिंब ठेवले की फळे तडकतात, त्यांचा तळ काळा पडतो. रोज ठरलेल्या वेळी थोडे थोडे पाणी मिळाले तर हा त्रास बराच कमी होतो. शिवाय कोणाला गळ घालावी लागत नाही आणि परतल्यावर कोणाचे मिंधेपणही वाटत नाही. ज्यांना किल्ली देण्याजोगे कोणी जवळ नाही, त्यांनी निःशंकपणे हाच मार्ग धरावा.

माझे मन त्यावरून उडाले ते तुंबणाऱ्या ड्रिपरमुळे, म्हणजे नळीवर बसवलेल्या, थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या छोट्या तोटीमुळे. नेहमीचा ड्रिपर तासाला 2 किंवा 4 लिटर पाणी सोडतो आणि त्यासाठी त्याच्या आतली वाट अतिशय अरुंद ठेवलेली असते. नळाजवळच्या गाळणीत रेती आणि कचरा अडकतो. पाण्यात विरघळलेले क्षार मात्र तिच्यातून सहज पार होतात आणि ड्रिपरच्या तोंडाशी पाणी सुकत जाते तसतसे तिथेच साचून घट्ट होतात. एकदा परतलो तेव्हा सगळी रांग हिरवीगार होती आणि मधलाच एक मोगरा हात लावताच पाने चुरगळावीत इतका वाळलेला होता. त्याच्या ड्रिपरच्या तोंडावर पांढरट खपली धरली होती. ती टाचणीने खरवडली आणि लगेच थेंब पडू लागला. टायमर त्या संपूर्ण काळात वेळच्या वेळी सुरू आणि बंद होत होता. पुढे मी ड्रिपर व्हिनेगरमध्ये भिजवून साफ करू लागलो, आत शेवाळ धरू नये म्हणून पारदर्शक नळ्या काढून काळ्या घातल्या, मोठ्या कुंडीला एकाऐवजी दोन ड्रिपर दिले, आणि तुंबणे खरोखरच कमी झाले. तरीही ड्रिपर तुंबल्यापासून ते कोणाच्या तरी लक्षात येईपर्यंतचा काळ काही कमी झाला नाही, आणि कडक उन्हात लहान कुंडीतले झाड वाळायला दोन-तीन दिवसही पुरे होतात.

शेजाऱ्यांचा दोष नेमका उलटा आहे: ते मायेने अति पाणी घालतात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिंब राहिली की मुळे कुजू लागतात आणि पाने तहानलेल्या झाडासारखीच माना टाकतात. ते पाहून काळजी घेणारा आणखी पाणी घालतो आणि झाड हातचे जाते. पण माझ्या अनुभवात हा दोष सांगून सुधारता येतो. “रोज पाणी घाला” असे न सांगता “बोट दोन पेरे मातीत घालून पाहा, ओले लागले तर त्या कुंडीला पाणी नको” असे सांगावे. कोरफडीसारखी झाडे तर वेगळ्या कोपऱ्यात ठेवून त्यांच्याकडे पाहूच नये, अशी विनंती करावी. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकण्याचीही आठवण द्यावी.

त्या बदल्यात जे मिळते, ते कोणत्याही नळीतून मिळत नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा फोन केला, “अहो, जास्वंदीच्या कळ्यांवर काळे काळे बारीक किडे दिसताहेत, काही औषध मारू का?” तो मावा होता. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने कळ्या दोन-तीनदा धुऊन काढा, एवढेच मी सांगितले आणि तेवढ्यावर तो आटोक्यात आला. ते आमच्या परतण्यापर्यंत तसेच राहिले असते तर कोवळे शेंडे आक्रसून गेले असते. भाजीपाल्याचेही तसेच आहे. भेंडी वेळेवर तोडली नाही तर काही दिवसांत जून होते, काकडीत बी पक्व होऊ लागले की वेलाला नवी फळे धरणे मंदावते. म्हणून जे तयार होईल ते तोडून घरी न्या, असे मी आवर्जून सांगतो. यात त्यांना थोडा मोबदला मिळतो हे खरे, पण झाडालाही त्याची गरज असते.

प्रत्येकाची बाग वेगळी आणि शेजारही वेगळा, त्यामुळे माझे मत सर्वांना लागू पडेल असा आग्रह नाही. गच्चीवर भर उन्हात कुंड्यांच्या रांगाच रांगा असतील, तर इतके पाणी घालण्याचा भार दुसऱ्यावर टाकणे योग्य होणार नाही. तिथे पाणी ठिबकाने द्यावे आणि दोन दिवसांआड एक फेरी मारून प्रत्येक ड्रिपरखालची माती ओली आहे ना, एवढेच पाहण्याची विनंती करावी. बाग बेताची असेल तर मी आता किल्लीच देतो. मात्र निघण्याच्या दोन दिवस आधी शेजाऱ्यांना बोलावून, मी बाजूला उभा राहून, त्यांच्याच हाताने सगळ्या बागेला एकदा पाणी घालून घेतो. त्यांच्या शंका तेव्हाच समोर येतात आणि कोणत्या कुंडीपाशी त्यांचा हात सैल सुटतो, तेही मला दिसते.