भूकंप अंगातून न गेलेल्यांसाठी लातुरातला एक योगवर्ग

औसा रोडच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, संध्याकाळी सहाला हा बायकांचा योगवर्ग भरतो. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्यांच्या अंगातून अजून गेलेला नाही, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय.

आमचं गाव किल्लारीजवळचं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या सुमाराला दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद, सगळंच खाली आलं. आजी गेली. मी तेव्हा सातवीत होते. पुढं पुनर्वसनातलं घर मिळालं तरी आई कितीतरी दिवस अंगणातच अंथरूण टाकायची. मला आजही जड गाडी गेली, फरशी थरथरली की छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात. मानसोपचाराच्या डॉक्टरांनीच गोळ्यांबरोबर श्वासाचा अभ्यास करायला सांगितला.

आधी एका दुसऱ्या वर्गाला गेले होते. तिथं पहिल्याच दिवशी जोरजोरात कपालभाती. मुळातच घाबरलेल्या माणसाला भराभर श्वास करायला लावला की चक्कर, बोटांना मुंग्या, आणखी घाबरं, सगळं एकदम येतं. त्यावर दिवे घालवून शवासन, आणि सर न विचारता खांदे दाबायचे. मी उठून घरी आले.

इथल्या बाईंनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "ताई, आडवं पडल्यावर काही त्रास होतो का?" इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी माझी सतरंजी दाराजवळ टाकली. डोळे उघडे ठेवा, वाटलं तर उठून बसा, विचारत बसू नका, म्हणाल्या. हात लावायच्या आधी विचारतात आणि नको म्हटलं की तिथंच सोडतात.

एकदा शवासनात असताना बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला. पाठीखाली फरशी हलली तशी मी ताडकन उठून बसले. बाईंनी वर्ग थांबवला नाही. शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "ट्रॅक्टर होता, गेला. तळपाय फरशीवर दाबा. खिडकीचे गज बघा, एकेक. आता चार मोजून श्वास घ्या, सहा मोजून सोडा." गज हिरवे होते, एकाचा रंग उडालेला. तिथंवर पोचेतो हाताला ऊब आली होती. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं, हे त्यांनी नंतर समजावलं. भ्रामरीही त्याचसाठी घेतात. गुणगुणताना श्वास आपोआप सावकाश सुटतो.

धडधड साफ गेली असं नाही. पण रात्री ट्रक गेला तर आता मला परत झोप लागते, आणि माझ्यासाठी हे लई मोठं आहे.

फी महिना ८०० रुपये, आमच्याकडच्या मानानं जास्तच. सकाळची बॅच नाही, ती सुरू करायलाच हवी. शेतातून, कामावरून येणाऱ्या बायकांना सहा वाजता जमत नाही. गोळ्या बंद करा असं बाई कधीच म्हणत नाहीत, उलट फार त्रास असेल तर आधी डॉक्टरकडं पाठवतात. भिंतीवर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावलाय. तो फुकट आहे, मराठीत बोलता येतं. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्चीवर बसवून सगळं करून घेतात, पण खुर्च्या चारच आहेत, तेव्हा पावणेसहालाच पोचा.