नव्वद दिवसात कातडी परत, म्हणे

मी सात वर्षांचा असताना फायमोसिस, म्हणजे पुढची कातडी मागे सरकत नाही, म्हणून डॉक्टरांनी सुंता केली, त्या वयात मला कोण विचारणार. आता तिशी उलटली. लिंगाचं बोंड कपड्याला घासून घासून कोरडं पडलेलं, ताठरता आली की कातडी अपुरी पडून ओढ बसायची, आणि खरं सांगू, माझ्या अंगाचं मला न विचारता ठरलं ही बोच त्याहून जास्त. म्हणून फोरस्किन रिस्टोरेशनचं, म्हणजे कापलेली कातडी परत मिळवण्याचं, शोधत बसलो आणि एका जाहिरातीच्या तावडीत सापडलो.

'नव्वद दिवसात पूर्ण कातडी, नसांसकट!' एक तेल, एक यंत्र, पैसे सगळे आधी. वर मापासाठी फोटो मागितला, मी येड्यासारखा पाठवला पण. डबा उघडला तर आत बाटलीच्या बुचाएवढी रबरी टोपी आणि चिकटपट्टी, तेलाला कापराचा वास, लावलं तर दोन दिवस अशी आग की धड चालता येईना. पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं, 'सर, तुमचा फोटो सेव्ह आहे आमच्याकडे, बघा काय ते.' लाजेपोटी कोणी बोंब मारणार नाही, यावरच यांचा धंदा चालतो. मी आणखी एक पैसा दिला नाही, स्क्रीनशॉट काढून पोलिसात गेलो, सांगताना कान लाल झाले पण समोरच्याने मुकाट लिहून घेतलं.

मग यूरॉलॉजिस्टकडे गेलो, जे आधीच करायला हवं होतं. हळू आणि सतत ताण दिला की कातडी वाढते, प्लास्टिक सर्जन कातडीखाली फुगा ठेवून नवी कातडी वाढवतात तेच तत्त्व. हाताने ओढा, टेप लावा नाहीतर वजन, पण वर्षं लागतात, तेलाचा काही संबंध नाही. आणि कापल्या गेलेल्या नसा परत येत नाहीत, मिळतं ते आवरण, त्याने कोरडेपणा कमी होऊ शकतो एवढंच. दुखलं, निळसर पडलं, बधिर वाटलं की लगेच थांबायचं. ऑपरेशनही असतं, वृषणाच्या पिशवीची कातडी लावतात, पण तिचा रंग आणि पोत वेगळाच दिसतो. पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्ससने बोंड पुन्हा झाकायचं ऑपरेशन लिहून ठेवलंय, म्हणजे ही हौस दोन हजार वर्षं जुनी, गिऱ्हाईक गाठणारेही तेवढेच जुने असणार.

जाहिरातीतले आधीचे-नंतरचे फोटो नंतर झूम करून पाहिले. आधीच्यात मांडीवर तीळ, नंतरच्यात तीळच नाही. गेल्या आठवड्यात नवीन नावाने तीच जाहिरात दिसली, फोटो तेच, फक्त आता साठ दिवस.