स्क्रीनचा पॅटर्न सांगितला की आतलं सगळंच उघडं: आमच्या घरी झालेली फसवणूक

बाबांचा फोन चार्ज होईनासा झाला म्हणून नागपुरात बर्डीतल्या (सीताबर्डीच्या) एका दुकानात दुरुस्तीला दिला. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठीवर नंबर खरडला आणि म्हणाला, "काका, पॅटर्न सांगून द्या, टच चेक करा लागते. सिम राहू द्या आतच, नेटवर्क पाहा लागंन. उद्या संध्याकाळी या." कुठल्याही दुकानात हेच विचारतात आणि माणसं सांगतात. दुसऱ्या दिवशी फोन मिळाला, चार्जिंगही सुरू झालं.

त्याच आठवड्यात बाबा गोकुळपेठ बाजारात वांगी आणि सांभार (कोथिंबीर) घ्यायला गेले. क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, तर पिन चुकीचा. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. भाजीवाली बाई म्हणाली, "राहू द्या काका, रेंज नसंन, उद्या द्या." पण रेंज भरपूर होती. वर्षानुवर्षं तोच पिन वापरणारा माणूस तो विसरेल कसा, म्हणून मी त्यांना तसंच बँकेत नेलं. स्टेटमेंट निघालं तेव्हा कळलं की फोन दुकानात होता त्याच रात्री दोन व्यवहारांत ४८,००० रुपये गेले होते. पेन्शनचं खातं ते. फोनमध्ये मात्र बँकेचा एकही मेसेज नव्हता, सगळे पुसलेले. कोणी केलं ते तपासात ठरेल. कसं केलं ते बँकेतल्या मॅडमनी समजावलं, आणि ते प्रत्येकाने ऐकावं म्हणून हे लिहितो आहे.

यूपीआय पिन माहीत नसेल तर पैसे जात नाहीत, असं आपण धरून चालतो. पण पिन नव्याने ठेवता येतो. त्यासाठी एकतर डेबिट कार्डचे शेवटचे सहा अंक आणि मुदतीची तारीख लागते, नाहीतर आधारचे पहिले सहा अंक, आणि सोबत ओटीपी. बाबांच्या आधारचा फोटो गॅलरीत होता, हयातीच्या दाखल्यासाठी काढलेला. ओटीपी येणार ते सिम त्याच फोनमध्ये. म्हणजे पॅटर्न हातात आला की बाकी सगळं सामान आतच मांडून ठेवलेलं होतं.

"पेमेंटच्या अ‍ॅपला तर लॉक होतं ना?" हा मला सगळ्यांनी विचारलेला प्रश्न. होतं. पण बऱ्याच पेमेंट अ‍ॅपचं लॉक म्हणजे फोनच्या स्क्रीनचंच लॉक. बोटाचा ठसा नाही जुळला तर ते पॅटर्न मागतं, आणि पॅटर्न तर समोरच्याला सांगूनच झालेला असतो. दोन दरवाजांना एकच किल्ली.

म्हणून फोनच्या सेटिंगमधलं अ‍ॅप लॉक लावा, आणि त्याचा पासवर्ड स्क्रीनपेक्षा वेगळा ठेवा. रेडमी, पोको, ओप्पो, रिअलमी, विवो, वनप्लस अशा बहुतेक फोनमध्ये ही सोय कंपनीनेच दिलेली असते. सेटिंग उघडून वरच्या शोधपट्टीत 'अ‍ॅप लॉक' टाका, सापडेल. काही फोनमध्ये तिच्या पासवर्डला प्रायव्हसी पासवर्ड म्हणतात. आणि लॉक कशाला लावायचं? लोक फक्त पेमेंट अ‍ॅपला लावतात आणि थांबतात. माझ्या मते त्याहून आधी मेसेज, गॅलरी, व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेलला लॉक लावा. चोराला ओटीपी आणि कागदपत्रं तिथेच मिळतात. नोटिफिकेशनमधला मजकूरही लपवा, नाहीतर मेसेजला कुलूप लावूनही ओटीपी वरच्या पट्टीत झळकतो.

आयफोनवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आयओएस १८ पासून, म्हणजे २०२४ पासून, अ‍ॅपवर बोट दाबून धरलं की फेस आयडीची अट घालता येते. पण चेहरा जुळला नाही की साधारणपणे फोनचा पासकोड चालतो. तेव्हा पासकोड सांगितला तर तिथेही तीच कथा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये मेंटेनन्स मोड आहे, खास दुरुस्तीला देण्यासाठी. तो सुरू केला की कारागिराला फोन चालवून बघता येतो, पण आपले फोटो, मेसेज, खाती त्याला दिसत नाहीत. आणि फोन कुठलाही असो, सिम काढून खिशात ठेवा. नेटवर्क बघायचं असेल तर दुकानदाराने स्वतःचं सिम घालावं.

हे झाल्यावर एका नातेवाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅप लॉकची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल) पाठवली. भल्यासाठीच पाठवली असेल, पण मी ती उघडली नाही. असली अ‍ॅप अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात, आणि ती दिली की स्क्रीनवरचं सगळं त्यांना वाचता येतं. फोनमध्ये कंपनीचं कुलूप असताना बाहेरून अनोळखी कुलूप आणायचं कशाला?

पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. वेळेला फार किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक खातेदाराची धरली गेली तरी तक्रार नोंदवल्यानंतरचं नुकसान बँकेने सोसायचं असतं. आमच्या प्रकरणात पैसे ज्या खात्यात गेले, त्यातली थोडी रक्कम गोठवली गेली आहे, उरलेली तोवर काढून घेतलेली होती. बँक म्हणते, तुमचाच फोन, तुमचंच सिम, तुमचाच ओटीपी. फोन त्या रात्री आमच्याकडे नव्हता हे दाखवायला आमच्याजवळ फक्त ती नंबरची चिठ्ठी, तीवर ना दुकानाचं नाव ना तारीख. पोलिसांनी पहिल्यांदा मागितलं ते बिल. तेव्हा फोन देतानाच दुकानाचं नाव, तारीख, वेळ आणि आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) लिहिलेली पावती मागून घ्या. आयएमईआय *#०६# दाबलं की स्क्रीनवर दिसतो. पावती देत नसेल तर फोन उचला आणि दुसऱ्या दुकानात जा, बर्डीत दुकानांना तोटा नाही.